आणणाऱ्याची सही, आणलेल्याचा होकार

दौंड तालुक्यातल्या वरवंडहून चौफुल्याला यायचे, केडगाव-पारगाव करत भीमा ओलांडायची आणि न्हावऱ्यावरून शिरूर गाठायचे. फार दूरचा रस्ता नाही. १९९४च्या फेब्रुवारीत या शिरूरचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. तिथल्या शासनमान्य संस्थेत ‘मतिमंद’ म्हणून ठेवलेल्या मुलींना आणि तरुण स्त्रियांना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेण्यात आले आणि त्यांतल्या दहाहून अधिक जणींची गर्भाशये काढली गेली. आजार कारणीभूत नव्हता. पाळीच्या दिवसांत या मुलींना स्वतःची स्वच्छता ठेवता येत नाही आणि सांभाळणाऱ्यांना त्रास होतो, असे कारण देण्यात आले. स्त्री-संघटनांनी आणि आरोग्य-कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेले.

त्या वादात बचाव करणाऱ्यांचा सूर ओळखीचा होता. हे त्यांच्या भल्यासाठीच आहे, निर्णय जाणत्या आणि जबाबदार माणसांनी घेतला आहे, त्या बिचाऱ्यांना काय कळणार? आणि विरोध करणाऱ्यांचा साधा प्रश्न होता: ज्यांच्या पोटावर सुरी चालली, त्यांना समजेल अशा भाषेत कुणी काही विचारले का?

आपल्याकडे संमती घेतलीच जात नाही, असे नाही. ती घेतली जाते, पण बहुतेक वेळा भलत्याच माणसाकडून. ज्याने आणले त्याची सही होते, आणि ज्याला आणले तो भिंतीकडे बघत बसतो. शिरूरला हे ऑपरेशन टेबलावर घडले. समुपदेशकाच्या खोलीत ते रोज घडते. तिथे रक्त सांडत नाही, म्हणून बातमी होत नाही. समुपदेशनात माहितीपूर्ण संमती नेमकी कुणाची, कशाची आणि कधी घ्यायची, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित क्लिनिकपुरता नाही. तो वरवंडसारख्या गावात जास्त टोकदार आहे, कारण इथे माणूस समुपदेशकाकडे सहसा स्वतःहून जात नाही. त्याला नेले जाते.

आधी सहीबद्दल बोलू, कारण सहीवर आपला भलता विश्वास आहे. दिल्लीच्या समीरा कोहली यांचा खटला सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाली काढला. ४४ वर्षांच्या, अविवाहित, पूर्ण शुद्धीत असलेल्या या बाई १९९५मध्ये तपासणीसाठी दवाखान्यात गेल्या होत्या. दुर्बिणीतून तपासणी करण्यापुरती त्यांची संमती होती. भूल दिल्यावर डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या त्यांच्या आईला गाठले, तिची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजाशये काढून टाकली. न्यायालयाने सांगितले की पेशंट सज्ञान होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता, त्यामुळे आईची संमती हे संमतीच नव्हे. तपासणीला दिलेला होकार उपचाराला लागू होत नाही. उपचाराचे स्वरूप, फायदे, धोके, दुसरे पर्याय आणि काहीच न केल्यास काय होईल, हे पेशंटला सांगायलाच हवे. नुकसानभरपाई २५ हजार रुपयांची होती, पण तत्त्व मोठे होते. आईची माया कितीही खरी असली, तरी तिची सही मुलीच्या होकाराची जागा घेऊ शकत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या शेतातले आहे. दिवाळीनंतर दौंडच्या उसाच्या फडात कोयते घेऊन उतरणाऱ्या टोळ्यांत बीडच्या बाया असतात. २०१९मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशये काढलेली आढळली. इथे कागदावर सह्या-अंगठे होते. कुणी भूल देऊन फसवले नव्हते. पण ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ ही भीती अनेकींच्या मनात घातली गेली होती, आणि पाळीमुळे खाडा झाला की मुकादमाकडे दंड भरायचा, ही दुसरी भीती आधीपासून होतीच. दोन भीत्यांच्या मधोमध उठवलेल्या अंगठ्याला होकार म्हणायचे का? भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमती नव्हे, हे जुन्या भारतीय दंड संहितेचे ९०वे कलम सांगत होते आणि आजच्या न्याय संहितेचे २८वे कलमही तेच सांगते.

शिरूर, दिल्ली, बीड. तिन्ही ठिकाणी गर्भाशयच होते, हा योगायोग नाही. ज्याचा शब्द घरात सर्वांत कमी चालतो, त्याच्या शरीरावर दुसऱ्याची सही सर्वांत सहज चालते. या अनुभवांतून कायदा थोडा शहाणा झाला. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६चा कायदा आता स्पष्ट म्हणतो, की वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया अपंग व्यक्तीच्या स्वतःच्या मुक्त व माहितीपूर्ण संमतीशिवाय करता येणार नाही. शिरूरमध्ये जे घडले, ते आज थेट बेकायदा ठरेल.

सुरीबाबत आपण एवढे तरी शिकलो. शब्दाबाबत अजून नाही.

वरवंडच्या माणसाला समुपदेशन कुठे भेटते ते पाहा. ग्रामीण रुग्णालयातल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, एचआयव्हीच्या चाचणीआधी आणि नंतर. वयात आलेल्या मुलामुलींसाठीच्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये. पोलीस ठाण्यातल्या महिला कक्षात. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात, विवाह समुपदेशकापुढे. दारू सोडवण्याच्या केंद्रात. शाळेत, कॉलेजात. यांतल्या जवळपास प्रत्येक ठिकाणी माणसाला कुणीतरी घेऊन आलेले असते. नवऱ्याला बायको आणते, सुनेला सासू आणते, पोराला बाप आणतो. परजातीच्या मुलावर प्रेम करणाऱ्या मुलीला तर अख्खे घर आणते. आणि प्रत्येक आणणाऱ्याच्या मनात कामाचा तपशील ठरलेला असतो: हिला जरा समजावून सांगा. याच्या डोक्यातून ते खूळ काढा. हिला नांदायला तयार करा.

अशा वेळी समुपदेशक कुणाचा? फी बापाने दिली, म्हणजे बापाचा? पोलिसांनी पाठवले, म्हणजे पोलिसांचा? समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला हे कुणी सांगतच नाही. तो एका तासात पाच जन्मांचे मन मोकळे करतो आणि संध्याकाळी त्याला कळते, की त्याचे निम्मे बोलणे घरी आधीच पोचले आहे. त्यानंतर तो माणूस आयुष्यात कुठल्याही समुपदेशकापुढे तोंड उघडत नाही. हे नुकसान कुठल्याच केसपेपरवर नोंदले जात नाही.

म्हणून समुपदेशनातली संमती ऑपरेशनच्या संमतीपेक्षा सोपी नसून अवघड आहे. शल्यचिकित्सक कुठे कापणार, किती टाके घालणार, हे आधी सांगू शकतो. बोलण्यातून काय बाहेर पडेल, हे समुपदेशकालाही ठाऊक नसते. दारूबद्दल बोलायला आलेला माणूस लहानपणच्या मारापाशी पोचू शकतो. झोप येत नाही म्हणून आलेली बाई तिसऱ्या भेटीत म्हणू शकते, की मला या घरात राहायचेच नाही. त्यामुळे पहिल्या दिवशीचा एक होकार शेवटपर्यंत पुरत नाही. वळण आले की पुन्हा विचारावे लागते: आता आपण या विषयात शिरतो आहोत, शिरायचे का? आज की पुढच्या वेळी? आणि समुपदेशनालाही धोके असतात, हे सांगावे लागते. जुने दुखणे उकरले की काही दिवस जास्त त्रास होतो. माणूस बदलला की त्याची नाती हलतात. ‘नुसते बोलायचे तर आहे, त्यात काय होते’ असे म्हणणारा समुपदेशक दुखणार नाही म्हणून इंजेक्शन देणाऱ्या कंपाउंडरच्या जातीचा.

कायदा इथे काय म्हणतो? २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८पासून लागू आहे. त्यात माहितीपूर्ण संमतीची व्याख्या आहे. ठरावीक उपचारासाठी, जबरदस्ती, दबाव, फसवणूक, धमकी, चूक किंवा दिशाभूल यांच्याशिवाय, धोके, फायदे आणि पर्याय सांगून, आणि त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत व पद्धतीने घेतलेली संमती, असा तिचा आशय आहे. शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची. इंग्रजी छापील फॉर्मवर पुढे सरकवलेले पेन ही अट पूर्ण करत नाही, आणि मंत्रालयी मराठीतला फॉर्मही करत नाही. हाच कायदा चौथ्या कलमात निर्णयक्षमतेबद्दल बोलतो. माहिती समजणे, किंवा परिणाम लक्षात येणे, किंवा बोलून, खुणेने वा हावभावाने निर्णय कळवता येणे, एवढे पुरते. शिवाय, एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा किंवा अयोग्य वाटतो, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असे ठरवता येत नाही. हे कलम प्रत्येक सासूने, प्रत्येक बापाने आणि गावातल्या प्रत्येक पुढाऱ्याने एकदा वाचायला हवे.

पण या कायद्याची एक मर्यादाही आहे. त्यात मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका, मनोविकार सामाजिक कार्यकर्ते असे लोक येतात. नुसता ‘समुपदेशक’ त्यात बसत नाही. हायवेवर उद्या कुणी ‘समुपदेशन केंद्र’ असा बोर्ड लावला, तर त्याचे शिक्षण कोण तपासणार? २०२१च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांच्या काही वर्गांना नोंदणीच्या कक्षेत घेतले आहे, पण ती व्यवस्था गावापर्यंत पोचायला वेळ लागणार. तोपर्यंत पेशंटच्या हातात एकच हत्यार आहे, ते म्हणजे विचारणे. तुम्ही काय शिकलात, कुठे काम केले, तुमच्यावर देखरेख कुणाची? हे सांगणे समुपदेशकाचे कर्तव्यच आहे, कारण आपण कुणापुढे बोलतो आहोत हे माहीत नसताना दिलेल्या होकाराला माहितीपूर्ण म्हणताच येत नाही.

भारतीय कायद्यांत समुपदेशन आणि संमती यांची गाठ सर्वांत घट्ट बांधली ती एचआयव्ही-एड्सच्या २०१७च्या कायद्याने. काही ठरावीक अपवाद सोडले, तर संमतीशिवाय चाचणी नाही, आणि त्या संमतीत चाचणीआधीचे व नंतरचे समुपदेशन धरलेले आहे. निकाल कुणाला सांगायचा, हे त्या व्यक्तीने ठरवायचे. जोडीदाराला खरा धोका असेल, तरच आणि संबंधिताला आधी समजावून व कल्पना देऊन, डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतो. पण सांगितल्यामुळे त्या व्यक्तीवर, विशेषतः स्त्रीवर, हिंसा होण्याची किंवा तिला घराबाहेर काढले जाण्याची भीती असेल, तर सांगायचे नाही. गुपित कधी राखायचे आणि कधी नाही, याची इतकी बारीक आखणी आपल्याकडे दुसरीकडे क्वचितच सापडते. आयसीटीसीतल्या समुपदेशकांनी वर्षानुवर्षे जे काम केले, त्यातून बाकीच्यांनी शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

आता प्रत्यक्ष खोलीत. चांगली संमती कशी ऐकू येते? दौंड तालुक्यातल्या एखाद्या समुपदेशक ताईने पहिल्या भेटीत साधारण असे बोलावे:

“आत्या, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा, मग तुमच्याशीही बोलते. ... हां, बस. तुला इथं कुणी आणलं? तुला यायचं होतं का? नसेल तर तसं सांग, मला राग नाही. मी डॉक्टर नाही, गोळ्या देत नाही. आपण पाऊण तास बोलू, आठवड्यातून एकदा, चार-सहा वेळा. तू जे बोलशील ते मी तुझ्या सासूबाईंना सांगणार नाही, नवऱ्याला नाही, आईलाही नाही. पण काही गोष्टी मी झाकून ठेवू शकत नाही. तू जीव द्यायचं ठरवलंस असं मला वाटलं, किंवा कुणाच्या जिवाला धोका दिसला, तर मी मदत बोलावणार. आणि एखाद्या लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर मला पोलिसांना कळवावंच लागतं, तो कायदा आहे. कोर्टानं कागद मागितले, तरी माझा इलाज चालत नाही. मी थोडं टिपून ठेवते, ते या कपाटात कुलपात राहतं. बोलल्यानं सुरवातीला जास्त रडू येईल कदाचित. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबायचं, पुढच्या वेळी यायचं नसेल तर नाही यायचं. आता तू मला सांग, मी काय काय म्हणाले? ... बरं. मग बोलू या का?”

हे सारे मिळून तीन-चार मिनिटांचे काम. त्यात कायद्याचे एकही कलम नाही, तरी अख्खा कायदा आहे. बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी २०१२च्या कायद्याचे, म्हणजे पॉक्सोचे, १९वे कलम गुन्ह्याची माहिती कळवणे प्रत्येकाला बंधनकारक करते आणि न कळवल्यास २१वे कलम शिक्षा सांगते. हे आधी न सांगता पंधरा वर्षांच्या मुलीला बोलते करायचे आणि मग पोलिसांना फोन करायचा, हा तिच्यावरचा दुसरा विश्वासघात ठरतो. मानसिक आरोग्य कायद्याचे २३वे कलम गोपनीयतेचा हक्क देते आणि जिवाला धोका, दुसऱ्याला इजा, न्यायालयाचा आदेश असे त्याचे अपवादही सांगते. वकिलाला अशिलाचे बोलणे न सांगण्याचे जे संरक्षण पुराव्याच्या कायद्यात आहे, ते समुपदेशकाला सरसकट नाही. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांच्या नियमांत तिथल्या समुपदेशकापुढचे बोलणे गोपनीय राखण्याची तरतूद आहे, पण खासगी समुपदेशकाने कुणाला ‘इथले काहीही बाहेर जाणार नाही’ असे वचन देऊ नये. जे पाळता येणार नाही ते वचन ही दिशाभूल, आणि दिशाभुलीतून मिळालेली संमती कायद्याच्या व्याख्येतच बसत नाही.

आणि त्या बोलण्यातले शेवटाकडचे वाक्य विसरू नका: आता तू मला सांग, मी काय काय म्हणाले? सही कुणीही करतो. परत सांगता येणे, ही खरी परीक्षा. ती नापास झाली तर दोष समुपदेशकाचा असतो, समोरच्याचा नाही.

वरवंडसारख्या गावात गोपनीयता शहरापेक्षा महाग आहे. कुणाची गाडी कुठल्या दवाखान्यासमोर तासभर लागली होती, हे संध्याकाळपर्यंत गुऱ्हाळावर कळते. मुलीचे लग्न ठरायचे असेल, तर एवढे पुरते. म्हणून इथे संमतीत आणखी एक प्रश्न यायला हवा: तुला फोन करायचा तर कुठल्या नंबरवर, किती वाजता, आणि दुसऱ्याने उचलला तर मी कोण म्हणून सांगू? अनेक घरांत बाईचा फोन नवऱ्याच्या हातात असतो. नाव आणि आजार टिपून घेणाऱ्या ॲपना हीच काळजी लागू आहे. टप्प्याटप्प्याने लागू होत असलेला २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीची विनंती साध्या भाषेत आणि राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांतही मिळण्याचा हक्क देतो. म्हणजे मराठीत. तो मागून घ्या.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा: हे सगळे व्यक्तिवादाचे परदेशी खूळ आहे. आपल्याकडे माणूस एकटा नसतो. आजाऱ्याला घरच आणते, घरच पोसते, घरच रात्र-रात्र जागते. त्यांना खोलीबाहेर काढून तुम्ही उपचार कसला करणार?

हा आक्षेप झटकण्यासारखा नाही. येरवड्याच्या मनोरुग्णालयात ज्यांना कुणी भेटायलाही येत नाही, त्यांना विचारा घराची किंमत. पण घर हवे आणि घराची सही हवी, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मानसिक आरोग्य कायद्यानेही घराला बाहेर काढलेले नाही. कोणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर, सही किंवा अंगठ्याने, स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. तो नवरा असेल, बहीण असेल, शेजारची मावशी असेल. तिच्या मनाचा माणूस तिने निवडायचा. घरच्यांना समुपदेशनात बसवायला हरकत नाही, त्यांना त्यांचाही वेळ द्यावा, त्यांचे दमणेही ऐकावे. त्यांना खुर्ची जरूर द्या, सही मात्र आत बसलेल्याची घ्या. आणि परदेशी खूळ म्हणायचे, तर रखमाबाईंनी १८८०च्या दशकात मुंबईच्या न्यायालयात काय विचारले होते? अकराव्या वर्षी माझ्या संमतीशिवाय लावलेल्या लग्नाला मी बांधील का, हेच ना. १८८७मध्ये न्यायालयाने तिला नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे सांगितले, आणि ती तुरुंगाला तयार झाली. स्वतःच्या होकाराचा हा हट्ट मराठी मातीतच उगवलेला आहे.

दुसरा आक्षेप: गरीब, अडाणी माणसाला एवढे सांगितले तर तो घाबरेल आणि उठून जाईल. जाऊ द्या. उठून जाता येणे हाच संमतीचा अर्थ आहे. आणि अनुभव उलटा आहे. ज्या बाईला माहेरी-सासरी कुणी कधी ‘तुला काय वाटतं’ असे विचारलेले नसते, तिला पहिल्यांदा कुणी विचारले की ती उठून जात नाही, नीट सावरून बसते. समुपदेशनाचे पहिले काम तिथेच सुरू होते.

तिसरा आक्षेप: जिवाचा प्रश्न असेल तर? तेव्हा आधी जीव वाचवावा, यात दुमत नाही. माणूस औषधाची बाटली हातात घेऊन बसला असेल, तर त्याच्यापुढे फॉर्म ठेवायचा नाही. मानसिक आरोग्य कायदा अशा तातडीच्या उपचारांना मर्यादित वेळेसाठी मोकळीक देतो, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालचा माणूस मानतो. पण आणीबाणी संपली की विचारणे सुरू झालेच पाहिजे. दारूबाज मुलाला रात्री चौघांनी उचलून गाडीत टाकायचे आणि केंद्राच्या कुलपात महिने ठेवायचे, याला आणीबाणी म्हणत नाहीत. व्यसनातून येणारे मनोविकार याच कायद्याच्या कक्षेत येतात, आणि इच्छेविरुद्ध दाखल करायला त्यात कडक अटी व मुदती आहेत. बापाची तळमळ खरी असते. ती कुलपाचा परवाना होत नाही.

लहान मुलांचे काय? अठराच्या आत कायद्याला पालकांची संमती लागते, आणि ते योग्यच आहे. पण दहावीतल्या मुलाला ‘चल, साहेब भेटायला बोलावतायत’ असे खोटे सांगून समुपदेशकासमोर बसवणे अयोग्य आहे. संमती पालकांची, पण होकार मुलाचाही हवा. पालकांना काय कळवायचे आणि काय नाही, हे तिघांसमोर पहिल्याच दिवशी ठरावे. आणि समलिंगी असलेल्या मुलाला ‘सरळ करून द्या’ म्हणून आणले, तर समुपदेशकाने नकारच द्यायला हवा. अशा तथाकथित उपचाराला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. जे करणेच गैर, त्याला कुणाच्याही संमतीने नीती येत नाही.

एक धोका समुपदेशकांच्या बाजूलाही आहे, आणि त्याचे उदाहरण वरवंडच्या शेजारीच, केडगावला सापडते. पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन तिथे उभे राहिले, त्याआधी त्यांचे शारदा सदन पुण्यात होते. १८९३मध्ये त्यावरून मोठे वादळ उठले. विधवा मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते असा आरोप झाला, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे काम डोंगराएवढे आहे, आणि त्यांचे टीकाकारही सगळे दुष्ट नव्हते. पण दोन्ही बाजूंचा वाद मुख्यतः पालकांच्या परवानगीभोवती फिरला. आश्रय देणाऱ्याच्या छायेत राहणाऱ्या मुलीला स्वतःचा होकार किती मोकळेपणी देता येतो, हा प्रश्न मागेच राहिला. आजच्या समुपदेशकाने तो स्वतःला विचारावा. जो मदत करतो त्याचे वजन पडतेच. मोडलेल्या बाईला ‘तुझ्यासाठी हेच बरं’ असे मायेने सांगितले, की ती हो म्हणते. मग ते ‘बरं’ नांदायला जाण्याचे असो, घटस्फोटाचे असो, देवाचे असो वा पक्षाचे. स्वतःचे मत, श्रद्धा आणि घाई दाराबाहेर ठेवता आली नाही, तर निदान ती आपल्याकडे आहे हे समोरच्याला कळू द्यावे.

हीच कसोटी गावच्या समजुतीलाही लावावी. २००७पासून तंटामुक्त गाव मोहिमेने अनेक भांडणे गावातच मिटली, कोर्टाचे हेलपाटे वाचले, हे खरे. पण नवरा-बायकोच्या भांडणात पंचवीस माणसांसमोर बाईला ‘मग जातेस ना?’ असे विचारून मिळालेली मान डोलावणी हा होकार नाही. घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यात दंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात. तिथेही लक्षात ठेवावे, की हजर राहण्याचा आदेश देता येतो, मन मोकळे करण्याचा नाही. ज्या बाईला मार बसला आहे, तिला मारणाऱ्याच्या शेजारी बसवून विचारणे ही समुपदेशनाची पद्धत नव्हे.

मग करायचे काय? प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात आणि शाळेत, जिथे समुपदेशन होते तिथे भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरांत चार ओळी लावता येतील: समुपदेशकाचे शिक्षण काय, बोलणे कुणाला कळेल, कोणत्या वेळी कळवावेच लागेल, आणि मध्येच थांबण्याचा हक्क. त्याखाली मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, टेलीमानसचा, १४४१६ हा क्रमांक. खर्च एका फलकाचा. ग्रामपंचायतीने ठरवले तर पुढच्या मासिक सभेत होईल. समुपदेशकांनी पहिल्या भेटीची तीन-चार मिनिटे संमतीसाठी राखून ठेवावीत आणि केसपेपरवर सहीशेजारी लिहावे: ‘काय समजले ते स्वतःच्या शब्दांत सांगितले.’ हे वाक्य सहीपेक्षा मोलाचे आहे, आणि उद्या कोर्टात प्रश्न आला तर समुपदेशकालाही वाचवणारे आहे.

उरले आपण, आणणारे. घरातल्या कुणाला समुपदेशकाकडे न्यायची वेळ आली, तर खोटे सांगून नेऊ नका. घरातून निघण्याआधी विचारा: तुला जायचंय का? तिथे पोचल्यावर बाहेर बसा. बाहेर आल्यावर ‘काय काय बोललीस?’ असे विचारू नका. सांगायचे असेल ते माणूस आपणहून सांगते. आणि जिवाला धोका नसताना त्या माणसाने ‘नाही’ म्हटले, तर गाडी परत वळवा.